बोल्टसाठी पैसे जमवताना आकडा जाहीर करू नका

शनिवारी क्लबमध्ये स्लाइड-शो ठेवायचा, जमलेल्या पैशांतून वानरलिंगी सुळक्यावरचे, दोर अडकवायला कातळात बसवलेले गंजके बोल्ट बदलायचे आणि ‘किती बोल्ट जाहीर करावेत?’, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. एकही आकडा जाहीर करू नका. आम्ही केला होता.

फळ्यावर ‘५० बोल्ट’ लिहिलं, टाळ्या पडल्या, पाकिटं निघाली. पण जमलेल्या रकमेत स्टेनलेसचे जेमतेम निम्मे बसत होते. शब्द दिलेला, तो मोडवेना. मग हँगर (बोल्टवर बसणारी, दोर अडकवायची पट्टी) स्टेनलेसचे घेतले आणि भोकात फुगून घट्ट बसणारे एक्स्पान्शन बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून झिंकचा मुलामा दिलेले. ‘हेही गंजत नाहीत’ असं दुकानदार म्हणाला, आणि आम्ही ते मानलं.

दोन पावसाळ्यांनंतर रॅपलिंग स्टेशन, म्हणजे दोराने खाली उतरायची बोल्टची जागा, तपासायला गेलो. हँगर नव्यासारखे चकाकत होते, पण त्यांच्याखाली कातळावर तपकिरी ओघळ उतरला होता. पाना लावून नट जरा फिरवला तर आट्यांचा भुगा तळहातावर आला. आदल्याच रविवारी त्या स्टेशनवरून आमची अकरा मुलं उतरली होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यातला एक झिजतो. इथे आधी झिंक गेलं, मग आतलं पोलाद. आणि सह्याद्रीत चार महिने ओलावाच ओलावा. म्हणून बोल्ट, हँगर, नट, वॉशर सगळं एकाच ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ३१६ ग्रेडचं, जे गंजाला जास्त टिकतं, ते परवडलं तर तेच. गिर्यारोहणासाठीच बनवलेलं, ईएन ९५९ या कातळातल्या बोल्टसाठीच्या युरोपीय मानांकनाचं घ्या. बांधकामाच्या बोल्टवर माणूस लटकवू नका. पन्नास कच्च्यांपेक्षा वीस पक्के बरे, आणि तेही आधी स्टेशनवर लावा. चढाईच्या वाटेवरचे मधले नंतर बघू. हे माझं मत आहे. मी काही धातुतज्ज्ञ नाही. ड्रिल हातात घेणारा माणूस मात्र रीबोल्टिंग (जुने बोल्ट काढून नवे बसवणं) केलेलाच हवा, उत्साही नवशिक्या नको.

आपला बेसॉल्ट वरून अभेद्य वाटतो, पण थरांच्या सांध्यात ठिसूळ निघतो. आधी हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर जागा बदला. भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने आणि फुंकणीने पुरती काढा. कंटाळून लोक हेच सोडतात, आणि याचाच मला सगळ्यात राग येतो. केमिकल बोल्ट, म्हणजे गोंदाने चिकटवायचा, असेल तर भुकटीवर गोंद धरतच नाही. बॅटऱ्या मोजून न्या, या दगडात त्या लवकर संपतात. वनखात्याची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका.

आणि कार्यक्रमात स्लाइडच्या आधी सडका बोल्ट खुर्च्याखुर्च्यांतून फिरवा. लोकांनी तो हातात धरायला हवा. आमचा तो बोल्ट मी जपून ठेवलाय. हवा असेल तर पत्ता खाजगी निरोपात कळवा, शनिवारच्या आत कुरियरने पाठवतो.