जर्मनीत सहा महिन्यांसाठी भाड्याच्या घरात राहायला जातोय. आधी काय उरकावं?

आधी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी तुम्ही तिथे राहायला आलात असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. थोड्या मुदतीसाठी फर्निश्ड घर देणारे काही मालक ते द्यायला कां-कूं करतात, म्हणून डिपॉझिट भरण्याआधीच विचारून घ्या. नोंदणीनंतर टॅक्स आयडी पोस्टाने येतो. पण तिकडे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघतो. लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत! तूर्तास कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी भागतं.

टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी (घरटी महिना १८.३६ युरो) मागणारं पत्र येईल. ती एका घरामागे एकच असते, त्यामुळे घरातलं दुसरं कुणी भरत असेल तर तसं कळवा.

कुकर नेणार असाल तर शेगडी इंडक्शनची आहे का ते विचारा. ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिच्यावर तापत नाही. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच भरा. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं, महाग पडतं इतकंच.