वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशी

प्रश्न : ताप आणि घसादुखी होती म्हणून रक्त तपासलं. एकूण पांढऱ्या पेशी 14,000, न्यूट्रोफिल 82 टक्के, लिम्फोसाइट 12 टक्के. लिम्फोसाइटपुढे 'कमी' असा शेरा आहे. प्रतिकारशक्ती घटली आहे का?

उत्तर : या आकड्यांवरून तरी नाही. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार. टक्के बाजूला ठेवा आणि गुणाकार करा. 14,000 चे 12 टक्के म्हणजे दर मायक्रोलिटरला 1,680 लिम्फोसाइट. मोठ्या माणसात साधारण 1,000 ते 4,000 ठीक मानतात. वाढल्यात त्या न्यूट्रोफिल, 11,480. एरवी 2,000 ते 7,000 असतात. शंभरात त्यांचा वाटा फुगला की बाकीच्यांचा आपोआप आक्रसतो.

जिवाणूंवर सर्वांत आधी तुटून पडणाऱ्या पेशींत न्यूट्रोफिल येतात. संसर्गाची वर्दी मिळाली की अस्थिमज्जा आपला साठा रक्तात सोडते. शिवाय बऱ्याच न्यूट्रोफिल एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून असतात. स्टेरॉइड घेतल्यावर किंवा नुसतं धावून आल्यावरही त्या सुटतात आणि आकडा चढतो. स्टेरॉइड चालू असेल तर रिपोर्ट दाखवताना ते जरूर सांगा.

खरी काळजी उलट बाजूला असते. एकूण पेशी 2,000 आणि न्यूट्रोफिल 60 टक्के असल्या तर टक्क्यांपुढे कसलाच शेरा येत नाही, पण प्रत्यक्षात त्या 1,200 च आहेत, म्हणजे 1,500 च्या मर्यादेखाली. केमोथेरपीनंतर हा आकडा 500 च्या खाली गेला आणि ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. अशा रुग्णाच्या जखमेत पू नीट धरत नाही, त्यामुळे ती दिसायला साधी वाटते आणि तिथेच फसगत होते.

प्रश्न : पू म्हणजे सडलेलं रक्त का? तो हिरवट का असतो?

उत्तर : सडलेलं रक्त नव्हे. पुवात मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल, जिवाणू आणि विरघळलेल्या ऊती असतात. जिवाणू आत शिरले की त्वचेत आधीपासून मुक्कामी असलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात, म्हणून लाली आणि सूज. महाभक्षक पेशी (जिवाणू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, मॅक्रोफेज) रासायनिक हाका देतात. न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीवरून घरंगळत येतात, चिकटतात आणि फटीतून बाहेर पडून जिवाणू गिळतात. त्यांच्यातलं मायलोपेरॉक्सिडेज हे लोहयुक्त विकर (एन्झाइम) मुळात हिरवट असतं. त्याच्या मदतीने तयार होणारं हायपोक्लोरस आम्ल जिवाणूंना मारतं. ब्लीचमध्येही कामाला येतं ते हेच! त्यामुळे हिरव्या कफावरून अँटिबायोटिक हवंच असं ठरत नाही. विषाणूजन्य सर्दीतही तो हिरवा होतो.

मोठं, बंद गळू गोळ्यांनी सहसा बसत नाही, कारण आत रक्तपुरवठाच नसतो. डॉक्टरांकडून ते फोडून निचरा करावा लागतो. घरी पिळू नका, पू खोलवर ढकलला जातो.

प्रश्न : मास्ट पेशी आणि 'नैसर्गिक मारक' पेशी रिपोर्टमध्ये का नसतात?

उत्तर : परिपक्व मास्ट पेशी ऊतींत राहतात, रक्तात फिरत नाहीत. मारक पेशी रक्तात असतात, पण नेहमीच्या तपासणीत त्या लिम्फोसाइटमध्येच मोजल्या जातात. वेगळ्या मोजायला फ्लो सायटोमेट्री (पेशींना खुणेचे रंग लावून लेझरने एकेक ओळखण्याची तपासणी) लागते. त्यांची युक्ती मजेशीर आहे. काही विषाणू टी पेशींना (बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या लिम्फोसाइटना) चकवण्यासाठी, बाधित पेशीच्या पृष्ठभागावरची ओळख पटवणारी प्रथिनं काढून टाकतात. मारक पेशी नेमकी तीच उणीव हेरतात आणि त्या पेशीला भोकं पाडून आत्मनाशाकडे ढकलतात.