कंबर दुखतेय ना त्याची? आधी तिकडे बघा

दादा, पत्र मिळालं. मुलगा 14 वर्षांचा, आठवीला 58 टक्के, उजव्या हाताने मीडियम पेस टाकतो, लांब लांब सिक्स मारतो आणि तुम्हाला तो हार्दिक पंड्यासारखा आक्रमक ऑलराउंडर व्हायला हवाय. म्हणून गावच्या शाळेतून काढून पुण्यात मावशीकडे ठेवलाय, सकाळ-संध्याकाळ अकॅडमी, दहावी सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून. आणि तुमचा प्रश्न एवढाच की टक्क्यांचं टेन्शन घ्यायचं का.

टक्क्यांचं राहू द्या. तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो मधूनमधून डावीकडे कंबर दुखते म्हणतो, बाम लावून बॉलिंग करतो, पण कोचची पाठ वळली की लेगस्पिन (मनगटाने फिरवलेला हळू बॉल) टाकत टाइमपास करतो, त्याला जरा समजवा. मी तिथेच अडकलेय.

दादा, उजव्या हाताने जोरात बॉल टाकणाऱ्या वाढत्या वयाच्या पोराची डावीकडची कंबर दुखणं ही बाम लावून सोडून द्यायची गोष्ट नाहीये. बॉल सोडताना अंग मागे जातं, एका बाजूला झुकतं आणि पिळलं जातं, तो सगळा ताण मणक्याच्या खालच्या भागातल्या एका बारीक हाडावर येतो, या वयात ते हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि रोज तोच ताण बसत राहिला की त्याला तडा जाऊ शकतो, त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला बऱ्याचदा एक्स-रेमध्ये दिसतही नाही, एमआरआय करावा लागतो. मी डॉक्टर नाही, त्याला हेच झालंय असं मी म्हणणार नाही, पण खेळाडू तपासणाऱ्या चांगल्या हाडांच्या डॉक्टरला दाखवेपर्यंत त्याने पेसचा एकही बॉल टाकू नये. इंग्लंडच्या बोर्डाच्या नियमात 14-15 वर्षांच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 6 आणि दिवसात 12 ओव्हरची मर्यादा आहे. तुमचा मुलगा दोन्ही वेळ नेटमध्ये टाकतोय, किती टाकतोय ते तुम्हाला माहीत नाही आणि बहुतेक कोचनाही नाही.

आणि तो लेगस्पिनचा टाइमपास! मला तर ते दुखणं चुकवणं वाटतंय. पोराने सांगून बघितलं, बाम मिळाला, मग तो दुसरं काय करणार?

आता हार्दिक. तुम्ही लिहिलंय की त्यानेही नववीनंतर शाळा सोडली, मग आमच्या मुलाचं काय अडलं. शाळा सोडली हे खरंय. पण त्याच्याच गोष्टीतला तुमच्या कामाचा भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. हार्दिक साधारण 18 वर्षांचा होईपर्यंत लेगस्पिन टाकायचा, फास्टकडे वळला तो बडोद्याचे कोच सनथ कुमार यांच्या सांगण्यावरून. म्हणजे 14 व्या वर्षी तुमचा मुलगा जे करतोय ते हार्दिक करतच नव्हता. आणि एवढ्या उशिरा सुरू करूनही 2018 च्या आशिया कपमध्ये पाठ धरली, त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, 2019 ला लंडनमध्ये पाठीचं ऑपरेशन झालं. कसोटी सामने 11 खेळला, शेवटचा 2018 मध्ये. 2023 च्या वर्ल्डकपला आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्यातच स्वतःच्या बॉलिंगवर पायाने बॉल अडवायला गेला आणि घोटा दुखावून स्पर्धेबाहेर. तुम्हाला आठवते ती 2024 च्या टी20 वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर, 16 रन वाचवलेली, मलाही आठवते, अंगावर काटा येतो. पण तिथवर पोचलेलं शरीर किती सांभाळून वापरलंय तेही बघा ना. हायलाइट्समध्ये फिजिओ दिसत नाही.

शाळेबद्दल म्हणाल तर पालघरच्या शार्दुल ठाकूरने एका ओव्हरमध्ये 6 सिक्स मारले ते शाळेच्याच मॅचमध्ये, आणि पुढे 2021 ला ऑस्ट्रेलियातल्या गाबा कसोटीत 67 रन आणि मॅचमध्ये 7 विकेट. शिवम दुबेचं तर कोवळ्या वयात क्रिकेट काही वर्षं बंदच पडलं होतं, नंतर परत सुरू करून तो भारताकडून खेळला. काही महिने बॉलिंग थांबली म्हणून काही बुडत नाही.

एक गोष्ट मात्र वाचून मला राग आला, स्पष्टच सांगते. त्याच्यासाठी प्लॉट विकला आणि जबाबदारी कळावी म्हणून रोज फोनवर त्याची आठवण करून देता, असं लिहिलंय तुम्ही. दादा, प्लॉट विकायचा निर्णय तुमचा होता, त्याचा नाही. 14 वर्षांचं पोर मावशीच्या घरी राहतंय, रोज रात्री त्याला प्लॉटचा हिशोब ऐकू येतो, मग कंबर किती दुखते हे ते खरं सांगेल का? आहे त्यापेक्षा कमीच सांगणार. त्यामुळे तो "थोडीशी" म्हणत असेल तर मी ते जास्त धरेन. हे बोलणं आजपासून बंद करा.

बाकी रस्ता तुम्हाला माहीतच आहे, जिल्हा, मग असोसिएशनच्या ट्रायल, विजय मर्चंट (16 वर्षांखालची स्पर्धा), कूचबिहार (19 वर्षांखालची), रणजी. तिथे 14 व्या वर्षी नुसतं ऑलराउंडर म्हणून सहसा घेत नाहीत, एक गोष्ट पक्की लागते, दुसरी नंतर जोडली जाते. तुमच्या वर्णनावरून त्याची बॅटिंग जास्त पक्की वाटते, डॉक्टरांनी परवानगी दिली तर तीच चालू ठेवा.

सतरा नंबर फॉर्म आत्ता नको. पुण्यातच अकॅडमीजवळच्या शाळेत नववीला नाव घाला, प्रॅक्टिस एकाच वेळची करा. आणि हो, चार पानी पत्रात त्याची स्वतःची एक ओळ नाही. रिपोर्ट आला की कळवा, पण त्या वेळी पत्र त्याला लिहू द्या आणि पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.