कोल्हापुरात डिप्लोमा करतोय, उबुंटूवर जीटीके (खिडक्या, बटणं असलेले प्रोग्रॅम बनवायची लायब्ररी) शिकायचंय. सरावाला उदाहरणादाखल प्रोग्रॅम कुठले घेऊ?

जीटीके-४-एक्झाम्पल्स हे पॅकेज टाका आणि त्यातला जीटीके४-डेमो उघडा, सुरुवातीला एवढं पुरे. त्यात उदाहरणांची यादी असते. एखादं निवडलं की त्याचा सोर्स शेजारीच दिसतो आणि तिथूनच ते चालवूनही बघता येतं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांना जॉबकार्ड, चलन असल्या स्क्रीन करून देतो, त्यावरून सांगतो: नुसतं वाचून काही होत नाही, उदाहरण मोडून बघावं लागतं. एका बटणाच्या 'क्लिक्ड' सिग्नलला फंक्शन जोडा आणि त्यात मुद्दाम ५ सेकंदांचा स्लीप टाका. तेवढा वेळ खिडकी ढिम्म हलणार नाही, कारण क्लिक ऐकणारा आणि खिडकी पुन्हा रंगवणारा इव्हेंट लूप एकच, आणि तो तुम्ही अडवून ठेवलाय. मग स्लीप काढून तेच काम जी-टाइमआउट-ॲडने (लूप न अडवता ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं फंक्शन) करा, फरक लगेच दिसेल. (गिऱ्हाइकाची 'सॉफ्टवेअर हँग होतंय' ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच असते.) मात्र जीटीके ३ ची उदाहरणं ४ वर जशीच्या तशी चालत नाहीत, आणि क्लासच्या नोट्स बहुतेक ३ च्याच असतात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ४ मध्ये कंटेनर-ॲड, शो-ऑल आणि जीटीके-मेन ही तिन्ही फंक्शनं काढून टाकली आहेत. डेमोचा कोड सी भाषेत आहे. पायथनवाल्यांना पायजीऑब्जेक्टमध्ये (पायथनमधून जीटीके वापरायची लायब्ररी) फंक्शनांची नावं जवळजवळ तीच सापडतील.