दोन ग्राफिक्स कार्डांसाठी एसएमपीएस निवडताना वॅटच्या आकड्यानंतर काय पाहावे

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे : कोल्हापूरच्या राजारामपुरीतून असेंबल करून घेतलेल्या संगणकात दोन आरटीएक्स ३०९० कार्डे, रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि ८५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, आहे. गेम तासन्‌तास विनातक्रार चालतो, पण रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कार्डांवर रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचे काम) लावला की काही मिनिटांत संगणक बंद पडतो. दुकानदार १००० वॅटचा एसएमपीएस पुरेल म्हणतो, मित्र १२०० चा घ्यायला सांगतो, आणि जुना ८५० चाच जोडीला लावून काम भागेल का, असेही तुम्ही विचारले आहे. कोल्हापुरातच जवळपास असाच संगणक मी काही वर्षे वापरला असल्यामुळे जरा विस्ताराने उत्तर देतो. मी विद्युत अभियंता नाही, तेव्हा घरच्या वायरिंगसंबंधी जे लिहिले आहे ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

गेम चालतो म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, हा निष्कर्ष प्रथम बाजूला ठेवावा. गेम खेळताना तुमचे दुसरे कार्ड बहुतेक वेळ नुसते बसून असते. एनव्हिडियाने आरटीएक्स २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एकच गेम दोन कार्डांवर चालवण्याची सोय, देणे २०२१ च्या आरंभापासून थांबवले, आणि दोन कार्डांना एकमेकांशी जोडणारी एनव्हीलिंक ही जोडणी असलेले ३०९० हे जीफोर्समधले अखेरच्या कार्डांपैकी ठरले. ४० मालिकेत ती काढूनच टाकली. दोन कार्डे एकाच वेळी पूर्ण राबतात ती रेंडरमध्ये किंवा घरच्या संगणकावर एआयचे मॉडेल चालवताना, आणि खरी परीक्षा तेथेच होते.

बेरीज सरळ आहे. एका ३०९० चा जाहीर वीजवापर ३५० वॅट, म्हणजे दोघांचे ७००. प्रोसेसरवर १०५ वॅट लिहिलेले असले तरी मूळ सेटिंगमध्ये तो १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, पंखे आणि डिस्क यांचे शंभरेक धरले, तर एकूण ९४० च्या आसपास जाते. ८५० चा एसएमपीएस येथे दोषी नाही. तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे. खात्री करायची असेल तर खर्च करण्याआधी आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी, म्हणजे प्रत्येकी साधारण २४५ वॅट, आणि तोच रेंडर रात्रभर लावून पाहावा. तो पुरा झाला तर आजार क्षमतेचाच आहे असे समजायला हरकत नाही. विंडोजच्या नोंदीत दिसणाऱ्या ‘कर्नल-पॉवर ४१’ वरून निष्कर्ष काढू नये. संगणक रीतसर बंद न होता थांबला यापलीकडे ती नोंद काही सांगत नाही.

आता १००० की १२००. कागदावर ९४० हे १००० मध्ये बसते, पण ग्राफिक्स कार्ड सरासरीने वीज घेत नाही. ३०९० सारखे कार्ड मिलिसेकंदांच्या झटक्यांत जाहीर आकड्याच्या बरेच वर जाते, आणि दोन कार्डांचे झटके एकाच क्षणी आले की संरक्षक सर्किट मागचापुढचा विचार न करता पुरवठा तोडते. याच कारणामुळे २०२२ मधील एटीएक्स ३.० या मानकात मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे अशी अट आली. माझ्या मते १२०० वॅट, तोही एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचा, ही तुमच्यासाठी किमान मर्यादा आहे. कार्डे २८० वॅटवर बांधून चालवण्याची तयारी असेल तर हा १२०० चा एसएमपीएस आरामात राहील आणि रेंडरचा वेग किंचितच उतरेल. कार्डे मोकळी सोडायची असतील तर १५०० किंवा १६०० कडे पाहावे. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. १२०० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तेथे १०० किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा असतो. खूप कमी असेल तर खोक्यावरचे १२०० हे केवळ जाहिरातीचे आहेत.

कार्डाच्या प्रत्येक आठ पिनी जोडणीला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्यावी. एकाच केबलच्या टोकाला दोन प्लग असतात, आणि दुकानातली मुले वायरी कमी दिसाव्यात म्हणून त्यातूनच दोन्ही भागवतात. ३०९० साठी हे करू देऊ नये. तुमच्या कार्डांना प्रत्येकी तीन जोडण्या असतील तर सहा केबली लागतील, त्यामुळे एसएमपीएसच्या पाठीवर प्रोसेसरच्या सोडून तेवढ्या जागा आहेत का ते खरेदीआधीच मोजावे. साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगमधून आठ पिनी प्लग काढणारे अडॅप्टर घरातसुद्धा ठेवू नये : साटाची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे आणि आठ पिनी जोडणी १५० मागते.

या केबलींचा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान वॅट कमी पडल्यामुळे झालेले नाही. ते वॉरंटीत झाले आहे.

माझा १००० वॅटचा एसएमपीएस ऐन पावसाळ्यात गेला. वॉरंटी शिल्लक होती, बिल होते, सगळे रीतसर होते. त्या कंपनीचे येथे फक्त वस्तू स्वीकारणारे काउंटर होते; तेथून माल बाहेरगावी जातो आणि बदली माल परत येतो. काउंटरवर सांगितले गेले की केबली घरीच ठेवा, फक्त डबा द्या, केबलींसकट घेतला जात नाही. बऱ्याच प्रतीक्षेनंतर डबा आला तो निराळ्याच मालिकेचा, कारण जुनी मालिका बंद झाली होती. वरचे मॉडेल मिळाले म्हणून अभिनंदनही झाले. केबली आल्या नव्हत्या. त्याबद्दल विचारले असता, कंपनी तीच आहे, जुन्याच लावा, बसतात, असे उत्तर मिळाले. त्या बसल्याही. अगदी घट्ट बसल्या.

येथेच मेख आहे. मदरबोर्डला, कार्डाला किंवा डिस्कला लागणारे केबलचे टोक मानकानुसार ठरलेले असते, पण एसएमपीएसच्या पाठीत जाणारे टोक कोणत्याही मानकात बांधलेले नाही. कोणत्या पिनमधून १२ व्होल्ट द्यायचे आणि कोणत्या पिनमधून ५, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलू शकते. प्लगचा आकार मात्र तोच राहतो. माझ्या बाबतीत मदरबोर्डच्या आणि कार्डांच्या केबली योगायोगाने जुळत होत्या; साटाची केबल जुळत नव्हती. बटण दाबताच ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले, करपल्याचा वास आला, आणि साटावरचा एसएसडी व दोन्ही हार्ड डिस्क एकदमच गेल्या. एम.२ चा एसएसडी मदरबोर्डमधून वीज घेत असल्यामुळे वाचला. पण ग्राहकांचे पूर्ण झालेले काम होते ते नेमके हार्ड डिस्कवर.

पुढचा अनुभव अधिक संतापजनक होता. लेखी तक्रारीला आलेल्या उत्तराचा आशय असा की, ग्राहकाने अयोग्य केबल वापरल्यामुळे झालेली हानी वॉरंटीत येत नाही. अयोग्य केबल वापरायला सांगणारा माणूस त्यांच्याच काउंटरवर बसला होता; पण ते बोलणे तोंडी होते आणि पावतीवर ‘केबलविना स्वीकारले’ एवढीच नोंद होती. फोन केला की बाहेरगावच्या केंद्राशी बोला, तेथे केला की तुमच्या काउंटरशी बोला, हा खेळ बराच काळ चालला. ज्याच्या हातात दुरुस्तीचा निर्णय नाही, त्यालाच ग्राहकासमोर बसवून ठेवायचे आणि मग त्याच्या शब्दाची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, या पद्धतीला सेवा म्हणणे मला आजही जमत नाही. असो.

त्यामुळे माझा आग्रह असा आहे की दोन एसएमपीएसमध्ये निवड करताना शंभर वॅटच्या फरकापेक्षा वॉरंटीची पद्धत अधिक बारकाईने पाहावी. बदली माल आल्यास त्याच मालिकेच्या केबली सोबत मिळतील का, हे कंपनीला ई-मेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. उत्तरच आले नाही, तर तेही एक उत्तर समजावे. बदली डब्याबरोबर केबली आल्या नाहीत तर तो लावू नये. अगदीच लावणे भाग पडले, तर ज्याला मीटर हाताळता येतो अशा माणसाकडून, एकही भाग न जोडता, व्होल्ट मोजून घ्यावेत : मोलेक्स या जुन्या चार पिनी प्लगच्या कडेच्या दोन पिनांपैकी एकीवर १२ व दुसरीवर ५ व्होल्ट आले पाहिजेत आणि मधल्या दोन्ही ग्राउंड असतात. साटाच्या केबलीही अशाच एकेक तपासाव्या लागतात. शिवाजी उद्यमनगरात हे काम हसत करून देणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही हौसेने उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भिंतीतून प्लग काढल्यावरही तीन-चारशे व्होल्ट काही काळ राहू शकतात.

असेच कोणाचे नुकसान झाले असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. जास्त व्होल्टने गेलेल्या हार्ड डिस्कमध्ये पुष्कळदा सर्किट बोर्डवरचा, जास्त व्होल्ट अडवणारा टीव्हीएस डायोड तेवढा शॉर्ट झालेला असतो आणि आतला डेटा शाबूत असतो. म्हणून डिस्क फेकू नये, जाणकाराला दाखवावी. आणि काउंटरवर दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. माझे प्रकरण लेखी पुराव्याअभावी तेथवर गेले नाही.

घरच्या विजेबद्दल. ९४० वॅट आत पोहोचवण्यासाठी ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे १०४५ वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टला साडेचार अँपिअर. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आले की एसएमपीएस तेवढ्याच वॅटसाठी जास्त प्रवाह घेतो आणि आकडा सव्वापाचच्या आसपास जातो. त्यावर मॉनिटर आणि स्पीकर आहेतच. हे सर्व सहा अँपिअरच्या सॉकेटवर बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड लावून रात्रभर चालवणे मला धोक्याचे वाटते. गीझरला असते तशी सोळा अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. १६०० वॅटच्या एसएमपीएसला बहुधा मोठ्या सी१९ टोकाची पॉवर कॉर्ड लागते, आणि तिचा प्लगही सोळा अँपिअरचाच असतो.

त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर एसएमपीएस खराब आहे असे लगेच ठरवू नये. अर्थिंग तुटलेले असेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारी किंचित गळती अंगातून वाट शोधते. आपल्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात सारे आपोआप ठीक वाटू लागते, त्यामुळे तपासणी उन्हाळ्यातच करावी.

तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस या संगणकाला निरुपयोगी आहे. त्यातून वॅट निघतात साडेतीनशेच्या आसपास. रेंडर वाचवायचा असेल तर प्युअर साइन वेव्ह देणारा, २ केव्हीएच्या घरातला यूपीएस पाहावा, कारण चौकोनी लहरींच्या स्वस्त यूपीएसवर आजचे एसएमपीएस वीज जाताच बंद पडण्याची शक्यता असते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याची क्षमता आधी पाहावी आणि मागचे बटण यूपीएस मोडवर आहे ना ते तपासावे.

गोल्ड, प्लॅटिनम वगैरे ८० प्लसच्या पदव्यांविषयी फार लिहीत नाही. त्या कार्यक्षमता सांगतात, बांधणीचा दर्जा नव्हे, आणि ती चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत रेंडर लावणाऱ्याने पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत मिळतील असे कंपनीने लिहिले आहे ते पाहावे. ५० अंश असेल तर उत्तम.

राहिला जुना ८५० चा एसएमपीएस जोडीला लावण्याचा प्रश्न. दोन एसएमपीएस एकत्र सुरू करणारी छोटी सर्किटे मिळतात आणि क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांनी ती भरपूर वापरली. पण त्यांची कार्डे बहुधा रायझरवर (कार्ड मदरबोर्डपासून दूर ठेवणाऱ्या जोडणीवर) होती आणि रायझरची वीजही त्याच एसएमपीएसमधून येत असे. तुमचे कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये असेल, म्हणजे स्लॉटचे ७५ वॅटपर्यंत एका एसएमपीएसमधून आणि प्लगचे दुसऱ्यामधून येतील, आणि त्यातला एक अचानक बंद झाला तर कार्डाचे व मदरबोर्डचे काय होईल याची हमी मी तरी देणार नाही. तो ८५० चा विकूही नये. एका ३०९० ला तो चांगला पुरतो, त्यामुळे नवा वॉरंटीत गेला की एक कार्ड काढून तुमचे काम चालू राहील. फक्त त्याच्या केबली वेगळ्या पिशवीत घालून, पिशवीवर मॉडेलचे नाव ठळक लिहून, त्याच्याच खोक्यात ठेवाव्यात.