आधी तिथी बघा, मग मुक्काम ठरवा

प्रश्न : ताई, आम्ही दोघे पासष्टीच्या घरातले, सोबत बारा वर्षांचा नातू. डिसेंबरात तीन दिवस मिळतायत. अलिबाग, जंजिरा, हरिहरेश्वर आणि येताना रायगड असं मनात आहे. समुद्रकाठचे कातळ आणि किल्ले निवांत बघायचेत. जमेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : रायगड यातून काढा. त्याला वेगळे दोन दिवस द्या, घाईत तो बघूच नये. बाकीचं जमेल, पण खोल्या बुक करण्याआधी पंचांग उघडा. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. तुमच्या तिसऱ्या दिवशी पंचमी-षष्ठी येईल असं बघा आणि त्या दिवशी हरिहरेश्वरला असा.

मी हा हिशेब न करता गेले होते. काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट चढते आणि कड्याच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते. वरच्या पायरीवरच एका आजोबांनी अडवलं, "भरती आहे, खाली जाऊ नका." तीन तास बसून राहिले. लाट त्या फटीत शिरून धडकायची तेव्हा पायाखालचा दगड थरथरल्यासारखा वाटायचा. पाणी हटल्यावर खाली उतरले तर सगळा कातळ मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं, आत मिठाचे कण वाढतात आणि दगड कणाकणाने सुटतो. नातवाला तिथे बोट घालून बघू द्या. भरतीत मात्र त्या वाटेला पाऊलही नको, तिथे माणसं वाहून गेली आहेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गोदाकाठी नारोशंकराची घंटा त्याला दाखवा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. मग रेवदंडा आणि कोर्लईचे पोर्तुगीज तट बघताना त्याला धागा लागेल.

पहाटे कसारा घाटाने उतरून पनवेल, पेणवरून अलिबाग गाठा, पण तिथे राहू नका. रेवदंडा, कोर्लई करून मुरूडला मुक्काम करा. कोर्लईला दीपगृहापर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, सिद्दीच्या जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी बांधलेला. त्याच्या तटाचे दगड लाटांनी झिजून आत गेलेत, पण दरजांतला चुना अजून तसाच बाहेर उभा आहे! दुपारी आगरदांड्याहून गाडीसकट जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघीला उतरा, तिथून श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर.

जंजिऱ्याच्या दारात होडी स्थिर राहत नाही, हेलकावत असते. होडीवाल्याचा हात धरून, लाटेने होडी वर उचलली की मगच पायरीवर पाय टाका. आधी नातू, मग तुम्ही दोघे.