अमेरिकेने लष्करी तळांची नावं बदलून पुन्हा जुनीच का आणली?

तुमचे प्रश्न दोन आहेत. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या, देशाविरुद्ध बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सेनापतींची नावं अमेरिकेने स्वतःच्याच तळांना दिली कशी? आणि २०२३ मध्ये बदललेली नावं २०२५ मध्ये परत आली कशी?

यादवी युद्ध संपल्यावर समेट म्हणून ही नावं दिली गेली असतील, असं अनेकांना वाटतं. पण युद्ध १८६५ ला संपलं, आणि कॉन्फेडरेटांचा प्रमुख सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या नावाचा कॅम्प ली उभा राहिला १९१७ मध्ये, ब्रॅग आणि बेनिंग १९१८ मध्ये. हूड, पोल्क, पिकेट तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. लष्कराला घाईने प्रशिक्षणाच्या छावण्या हव्या होत्या, त्यासाठी दक्षिणेतल्या जमिनी घेतल्या आणि तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांची मर्जी राखली. कृष्णवर्णीयांना तिथे मतदानही करू दिलं जात नव्हतं, मग नावाबद्दल त्यांना कोण विचारणार? कर्तबगारी पाहिली म्हणावं, तर ब्रॅग १८६३ मध्ये चॅटानूगाला सपाटून हरला होता. बेनिंग मुळात न्यायाधीश. गुलामगिरी वाचवायची तर फुटून निघा, असा प्रचार करणारा.

२०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, संरक्षण खर्चाच्या कायद्यातच नावं बदलण्याची तरतूद घातली. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, पण दोन्ही सभागृहांनी तो मोडून काढला. त्यांच्याच पक्षाच्या अनेकांनी विरोधात मत दिलं. मग आयोग नेमला गेला आणि २०२३ मध्ये नऊ तळांना नवी नावं मिळाली.

त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते व्हर्जिनियातलं फोर्ट ग्रेग-ॲडम्स, म्हणजे आधीचं फोर्ट ली. आर्थर ग्रेग तरुण अधिकारी म्हणून याच फोर्ट लीवर आले, तेव्हा तिथल्या ऑफिसर्स क्लबात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले, आणि नामकरणाला स्वतः हजर होते. चॅरिटी ॲडम्स यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीय महिलांची टपाल बटालियन चालवली. सैनिकांच्या तुंबलेल्या पत्रांचे ढीग, थंडगार गोदामं, तीन पाळ्यांत काम. रॉबर्ट स्मिथ नावाचे सैनिकच हजारो! सैनिकाच्या माहितीच्या कार्डावरचा सेवा क्रमांक ताडून पत्र नेमकं त्याच रॉबर्टला पोचवायचं. सहा महिन्यांचं काम त्यांनी तीन महिन्यांत उरकलं.

२०२५ मध्ये ग्रेग आणि ॲडम्स यांचं नाव तळावरून उतरलं. कॉन्फेडरेटांच्या नावाला कायद्याने बंदी आहे, म्हणून सरकारने त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधले. आताचा ब्रॅग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला रोलंड ब्रॅग, आताचा ली म्हणजे फिट्झ ली. ए. पी. हिल या कॉन्फेडरेट सेनापतीची आद्याक्षरं जुळेनात, म्हणून तिघांची आडनावं जोडून अँडरसन-पिन-हिल केलं.

जुन्या नावाशी हजारो सैनिकांच्या आयुष्याच्या आठवणी बांधलेल्या आहेत, हे मला मान्य आहे. पण मला राग येतो तो फिट्झ लीसाठी. हा कृष्णवर्णीय घोडदळातला साधा शिपाई. १८९८ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर गोळीबारात अडकलेल्या जखमी साथीदारांना सोडवायला गेलेल्या तुकडीत तो होता. त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, आणि १८९९ मध्येच आजारपणात तो गेला. असा माणूस तळाला नाव देण्याइतका मोठा नक्कीच आहे. पण त्याची निवड त्याच्या शौर्यामुळे नाही, आडनावामुळे झाली.

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी फोर्ट ब्रॅगवर सैनिकांसमोर उरलेल्या सात तळांची घोषणा केली. लष्कराच्या पत्रकात फिट्झ ली होता. राष्ट्राध्यक्ष व्यासपीठावरून म्हणाले, 'फोर्ट रॉबर्ट ई. ली'.